कोकरांपुरतं दार

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीभर मात्र सगळे मला डॉक्टरच म्हणत आले. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात खऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारा, आणि डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले की दवाखाना एकट्यानं सांभाळणारा. लस टोचायची, कानात बिल्ला मारायचा, गाय माजावर आली की रेतन करायचं, जखमेतले किडे काढायचे आणि उरलेल्या वेळात रजिस्टर लिहायचं. सुरुवातीला कुणी ‘डॉक्टर’ म्हटलं की मी दुरुस्ती करायचो. मग एका म्हातारीनं मला सुनावलं, "माझी म्हैस तू उठवलीस का नाय? मग गप ऱ्हा की." तेव्हापासून गप्प राहिलो.

घर शहरात, मुकुंदवाडीला आणि दवाखाना गंगापूरच्या बाजूला. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी परत. थंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उसावर धुकं साचलेलं असायचं. एस.टी.च्या खिडकीतून बघताना वाटायचं, गावं जागची हलून कुठंतरी निघून गेली आहेत आणि आपण पोचेपर्यंत परत येऊन बसतील. तशी ती बसतही. उतरलो की समोर तोच पिंपळ, तीच चहाची टपरी आणि दवाखान्याच्या पायरीवर जनावरं घेऊन बसलेली माणसं.

त्या माणसांविषयी लिहायचं तर वही पुरणार नाही. एकानं आजारी शेळीऐवजी मोबाईलमध्ये शेळीचा व्हिडिओ आणला होता आणि म्हणत होता, यावरूनच औषध द्या. दुसरे एक गृहस्थ दर महिन्याला एक बोकड घेऊन यायचे. बोकडाला काहीएक झालेलं नसायचं. मी तपासायचो, ते बोलत बसायचे. घरी बोलायला कुणी नाही म्हणून ते येतात, हे कळायला मला वर्ष लागलं. कळल्यावर मी बोकड जरा जास्त वेळ तपासू लागलो.

पण इतक्या वर्षांच्या नोकरीतून मला सगळ्यात जास्त आठवते ती एक छोटी जागा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, बाभळीच्या काठ्यांनी घेरलेली. तिच्याविषयी सांगतो.

नोकरीची शेवटची तीनेक वर्षं राहिली असतील. मार्गशीर्षातली सकाळ होती. सुमनबाई काळीपिवळी जीपमधून उतरल्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून कोकराचं डोकं बाहेर. शेजारी बसलेल्या बाईच्या पदराचा कोपरा त्या कोकरानं वाटेत चघळून ओला केला होता, म्हणून ती बाई जीपमधून अजून ओरडत होती.

"डॉक्टर, ह्याचा पाय बगा. आणि पायापरीस ह्याचं पोट बगा."

पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. पट्टी बांधली. पोट मात्र खपाटीला गेलं होतं. दीड महिन्याचं कोकरू हातात घेतलं की जड लागायला पाहिजे. हे चिमणीसारखं हलकं होतं.

सुमनबाईंचं वय पन्नाशीच्या आसपास. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली. दोन एकर जमीन, त्यात थोडा कापूस, थोडा चाऱ्याचा घास. घरी सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. एकुलता मुलगा राहुल शेंद्र्याला कंपनीत कामाला, मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा. आणि सात मेंढ्या. त्या सात मेंढ्यांना त्या वर्षी नऊ कोकरं झाली होती.

"गेल्या साली पाच मेली," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या साली चार. राहुल म्हणतो, आई, ह्या वेळंची जगली तर ठेव. नाय जगली तर मेंढरं इकून टाक, रान बटईनं लाव आन माज्याकडं ये. मी व्हय म्हणून बसले."

"आणि आबा?"

"आबा म्हणतेत, मी हितून हलणार नाय. आता सांगा, त्यान्ला एकट्याला सोडून जाऊ का राहुलला एकट्याला ठेवू?"

त्या हे कपाळाला हात लावून सांगत नव्हत्या. कोकराला पिशवीत नीट बसवत, सहज सांगत होत्या. पण पिशवीची गाठ त्यांनी तीनदा बांधली आणि तीनदा सोडली.

कोकरं का मरतात ते मला बघितल्याशिवायही कळत होतं. मेंढीला पहिला महिनाभर दूध बरं असतं, मग ते कमी कमी होत जातं. नेमकी तेव्हाच कोकराची भूक वाढते. त्याच वेळी त्याच्या तोंडाशी कोवळा पाला आणि थोडा दाण्याचा भरडा आला पाहिजे. सुमनबाई भरडा ठेवतही होत्या. पण गव्हाणीपाशी भुकेल्या आया धक्काबुक्की करून तो संपवायच्या आणि कोकरं त्यांच्या पायांखाली यायची. पाय मुरगळला तो असाच.

उपाय साधा आहे. अशी एक जागा करायची, जिथं लहान जाऊ शकतील आणि मोठ्यांना जाता येणार नाही. तो तोंडी सांगून मी मोकळा झालो असतो. नाही झालो, त्याला कारण होतं.

काही वर्षांपूर्वी, माझी बदली करमाडकडं असताना, तिथल्या एका गावात भागवत नावाचा तरुण होता. कंपनीतलं काम सोडून त्यानं कोकरं पाळायला घेतली होती. एकदा मी मोटारसायकलवरून लसीकरणाला चाललो होतो, त्यानं रस्त्यात थांबवलं. "डॉक्टर, कोकरं लवकर भरायला काय करू?" मी एक पाय जमिनीवर टेकवून, गाडी चालू ठेवूनच म्हणालो, "भरडा दे. मका दे, पेंड दे." आणि निघून गेलो. किती द्यायचा, किती हळूहळू वाढवायचा, आधी कोणती लस घ्यायची, यातलं काहीही सांगितलं नाही. एकदम पोटभर दाणा मिळाला की कोकराच्या आतड्यात विष तयार होतं आणि जे सगळ्यात खादाड, सगळ्यात गुटगुटीत, तेच आधी जातं. आठवड्याभरात त्याची तीन गेली. मी पोचलो तेव्हा तो ती ओळीनं ठेवून बसला होता. "जी चांगली होती तीच गेली बगा, डॉक्टर," एवढंच म्हणाला. मला काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेला. मी आजार समजावून सांगितला. माझी चूक सांगितली नाही.

म्हणून सुमनबाईंना मी म्हणालो, "रविवारी येतो. काही विकत आणू नका. घरात काय पडलंय ते बघून ठेवा."

शेत गावापासून लांब होतं. पांदीनं चालत गेलो. कापसाची शेवटची वेचणी झालेली, पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर कुठंकुठं राहिलेला कापूस धुक्यात तरंगल्यासारखा दिसत होता. पुढं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन्हींना ताजी फुलं. अंगणात बाजेवर आबा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, नजर अगदी अंधुक.

"जय भीम, आबा."

"जय भीम. तुमीच का कोकरं तोडणारे डॉक्टर?"

मी सुमनबाईंकडं पाहिलं. त्या हसल्या. "सकाळधरनं हेच चाललंय."

"लेकराला आयपासून तोडू नाय," आबा म्हणाले. "मी लई जनावरं सांभाळली. असलं कदी केलं नाय."

मी समजावून सांगितलं. बाजेवर कूस बदलून त्यांनी माझ्याकडं पाठ केली.

सुमनबाईंनी घरातलं पडीक सामान एका जागी काढून ठेवलं होतं. बाभळीच्या काठ्या, एक गंजका लोखंडी पलंग, पत्र्याचा तुकडा, पाइपलाइनचे फुटके तुकडे, सुतळी, तार. एवढं पुष्कळ होतं. जागा निवडली ती मेंढ्या बसायच्या त्याच्याच शेजारी, पूर्वेच्या उन्हाची, जरा उंचावरची. कोकराला आत खाताना आई दिसली पाहिजे, नाही तर ते आत थांबत नाही. चिखलात तर ते पाऊलच टाकत नाही. काठ्या रोवून, तारेनं आडव्या बांधून तीन बाजू केल्या. चौथ्या बाजूला पलंगाचा सांगाडा उभा केला. त्याच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि त्यात उभ्या काठ्या बांधायला घेतल्या. दोन काठ्यांमधली फट हेच दार, अशी तीन दारं. सगळं कौशल्य त्या फटीत असतं. फार रुंद झाली तर बारकी मेंढी घुसते. अरुंद झाली तर भरलेलं कोकरू अडकतं आणि एकदा अडकलेलं कोकरू पुन्हा तिकडं फिरकत नाही. अंदाजे एक वीत धरतात. पण वीत ज्याची त्याची वेगळी, म्हणून मी सगळ्यात मोठं कोकरू आणायला लावलं. काळ्या तोंडाचं, चांगलं धिप्पाड. त्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंनी काठ्या धरून, त्यात दोन बोटं सोडून माप घेतलं. वरून एक आडवी काठी लावली. कोकरू तिच्याखालून जाईल, मेंढीला मात्र मान खाली घालूनही जमणार नाही.

मी काठ्यांची साल तासत होतो. खरबरीत सालीत लोकर अडकते. सुमनबाई बराच वेळ बघत होत्या. मग उठल्या, पाइपचे फुटके तुकडे करवतीनं कापले आणि एकेक तुकडा उभ्या काठीत बांगडीसारखा घातला.

"हे कशाला?"

"कोकरू घुसलं की पाइप गरकन फिरंल. मग अंग घासणार नाय."

मी बोटानं फिरवून पाहिला. खरंच गरकन फिरला. इतकी वर्षं मी लोकांना साल तासायला सांगत होतो. त्यांना मात्र मी "हां, चालेल" एवढंच म्हणालो. आपला अडाणीपणा लपवायची ही आमच्या खात्यातली जुनी पद्धत आहे.

उरलेल्या पाइपचा लांबट अर्धा तुकडा घेऊन गव्हाण केली, तिच्यावर एक दांडी, म्हणजे कोकरं आत पाय घालून घाण करणार नाहीत. कोपऱ्यात पाण्याचं घमेलं, वर पत्र्याची सावली, एका काठीला घासाची जुडी. मी आणलेली लस कोकरांना टोचली. भरडा मी स्वतः मोजून टाकला, कोकरामागं चिमूटभर. सुमनबाईंना तीनदा सांगितलं, चार दिवसांनी थोडासा वाढवायचा, रोजचं उरलेलं काढून टाकायचं. "ही तर अंगणवाडीच झाली," त्या म्हणाल्या.

मग आम्ही लांब जाऊन बसलो आणि वाट पाहू लागलो.

एकही कोकरू आत गेलं नाही. मेंढ्या मात्र सगळ्या जमल्या. भरड्याचा वास त्यांना आला होता. त्यांनी डोकी घालून पाहिली, शिंगं नसलेली कपाळं काठ्यांवर आपटली आणि फुरफुरत उभ्या राहिल्या. कोकरं त्यांच्या मागं. दुपार झाली तरी तसंच. शेवटी मी एक कोकरू उचलून आत सोडलं. ते असं काही ओरडलं की त्याची आई काठ्यांवर धावून गेली, आणि बाजेवरचे आबा उठून उभे राहिले.

"उघडा ते! उघडा म्हणतो ना!"

मी पलंगाचा सांगाडा बाजूला केला. कोकरू पळत जाऊन आईला लुचलं. सुमनबाईंनी मला भाकरी आणि ठेचा वाढला, पण त्यांचं लक्ष त्या रिकाम्या जागेकडं होतं. परतीच्या जीपमध्ये मी डोळे मिटून बसलो आणि मनातल्या मनात ती फट पुन्हा पुन्हा मोजत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"डॉक्टर, आबा आत जाऊन बसलेत."

"कुठं आत?"

"अंगणवाडीत. म्या घास कापाय गेलते. आले तर हे आत. पलंग सारून गेले, परत लावून घेतला आन बसले. बाहीर या म्हणलं तर येत नायती."

दवाखान्यातली गर्दी संपल्यावर मी गेलो. दुपार कलली होती. अंगणात शुकशुकाट. सुमनबाईंनी ओठांवर बोट ठेवून मला जवळ बोलावलं. आबा आत भिंतीला टेकल्यासारखे काठ्यांना टेकून बसले होते, पाय लांब सोडून, डोकं एका बाजूला कललेलं. गाढ झोपले होते. त्यांच्या मांडीवर एक, पायांवर दोन, बाकीची आसपास, सगळी कोकरं पडलेली. काठ्यांमधून येणारं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी त्यांच्या अंगावर पडलं होतं, आणि कोकरांचे श्वास चालत होते तशा त्या पट्ट्या वरखाली होत होत्या. आबांचा पालथा हात गव्हाणीत होता, बोटांना भरडा चिकटलेला. काठ्यांच्या पलीकडं सातही मेंढ्या शांतपणे रवंथ करत बसल्या होत्या. त्या घटकेला कुठंच काही कमी नव्हतं. मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. पऱ्हाटीवरचा पाखरांचा थवा उडाला तेव्हा भानावर आलो.

आबा जागे झाल्यावर मी विचारलं, "आबा, तुम्ही कसे काय आत?"

"बगाय गेलतो. म्हणलं, लेकरं तोडायचं हे यंत्र हाय तरी कसं. हातानं चाचपलं. मग दमलो, बसलो." ते कोकराच्या कानामागं खाजवत राहिले. "हे काळ्या तोंडाचं लहानपणापासनं माजी बोटं चोखतंय. ते आलं फटीतनं. बोटाला भरडा व्हता, चाटला. मग भायेर गेलं, आयला पिलं, परत आलं. परत गेलं. मग दुसरी आली." जरा थांबून ते म्हणाले, "तोडत नाय हे. लेकरू आपल्या मनानं येतंय, आपल्या मनानं जातंय."

"हेच तर मी सांगत होतो, आबा."

"तुमी तोंडानं सांगत व्हता."

त्यानंतर रोज सकाळ-दुपार आबा आत जाऊन बसू लागले. पंधरा दिवसांत कोकरांची पोटं गोल झाली. काळ्या तोंडाचं तर इतकं भरलं की फटीतून जाताना पाइप जोरात फिरायचे. मी दर आठवड्याला जात होतो. साहेबांनी दौऱ्याचं कारण विचारलं तर रजिस्टरमध्ये लिहीत होतो, ‘पाहणी’. खरं तर मी बसायला जात होतो.

मग एका रविवारी, अकराच्या सुमाराला, घरी असताना फोन वाजला. राहुल होता. तो दर पंधरवड्याला घरी जायचा. तिथूनच बोलत होता.

"काका, काळ्या तोंडाचं पडलंय. दात खातंय. आई रानात होती... कोकरं लई खूश होऊन खात होती, म्हणून मी गव्हाण भरली. पूर्ण भरली."

मला करमाडच्या रस्त्यावर टेकवलेला माझा पाय आठवला. फोनवर सांगितलं, सगळा भरडा काढून टाक, सगळ्यांना नुसता वाळला चारा दे, खायचा सोडा पाण्यात कालवून हळूहळू पाज, डोकं वर धर, श्वासात जाऊ देऊ नको. आमच्या डॉक्टरांना फोन केला, ते निघाले. मीही निघालो. रिक्षा, मग जीप. जीप भरेपर्यंत सुटेना. मी शेवटी ड्रायव्हरला म्हणालो, "बाबा, एक जीव जातोय." त्यानं विचारलं, "कोण आहे पेशंट?" मी कोकरू म्हणालो नाही. लहान लेकरू आहे, असं म्हणालो. त्यानं जीप काढली. एवढं खोटं मी नोकरीत बोललो आहे.

पोचलो तेव्हा डॉक्टरांचं काम चालू होतं. दोन कोकरं सुस्त होती, ती संध्याकाळपर्यंत सावरली. काळ्या तोंडाचं आबांच्या मांडीवर होतं. त्यांनी बोट त्याच्या तोंडात दिलं होतं, ते चोखत नव्हतं. थोड्या वेळानं ते गेलं. लस एकदा झाली होती, दुसरी मात्रा बाकी होती. ती झाली असती तर वाचलं असतं का, याचं उत्तर डॉक्टरांनीही खात्रीनं दिलं नाही.

बांधाच्या कडेला राहुल खड्डा खणत होता. गरजेपेक्षा खोल खणत होता. मी जवळ गेलो तर वर न बघता म्हणाला, "मीच मारलं ना त्याला, काका?"

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. सगळे तेच म्हणतात. त्याऐवजी मी बांधावर बसलो आणि त्याला भागवतची गोष्ट सांगितली. चालू गाडी, टेकवलेला पाय, ओळीनं ठेवलेली तीन कोकरं, सगळं. ती गोष्ट मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही.

राहुलनं फावडं ठेवलं. "मग त्यांना सांगितलं का तुम्ही, की चूक तुमची होती?"

"नाही."

आम्ही दोघांनी कोकरू खाली ठेवलं, वर चुना टाकला, माती लोटली. सुमनबाई आल्या आणि मुलाच्या डोक्यावरची माती पदरानं झटकत म्हणाल्या, "मायेनंच घातलंस रं. आता मोजून घालायला शीक."

पुढच्या आठवड्यात मी करमाडकडं गेलो. भागवतच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, तो बायको-मुलांना घेऊन पुण्याकडं गेला, पत्ता ठाऊक नाही. माझं सांगायचं राहूनच गेलं.

राहिलेली आठही कोकरं जगली. उन्हाळ्याच्या तोंडाला ती आयांच्या खांद्याला लागली आणि फटीतून आत जाईनाशी झाली. बाहेरच उभं राहून ती आत बघत राहायची, आपण कधी काळी यात मावत होतो हे त्यांना पटत नसल्यासारखी. मेंढरं विकायचा विषय राहुलनं पुन्हा काढला नाही. ‘ठेव’ असंही तोंडानं म्हणाला नाही. एका रविवारी तो येताना खांद्यावर झाकणाचं मोठं प्लॅस्टिकचं पिंप घेऊन आला, भरडा ठेवायला, आणि आत मापाचा एक डबा. तेव्हा सुमनबाईंना कळलं.

आबा पुढच्या वर्षी गेले. झोपेतच गेले. मी निवृत्त झालो.

गेल्या थंडीत सुमनबाईंचा निरोप आला, येऊन जा. गेलो. मेंढ्या आता अकरा होत्या. कोकरांची जागा जरा मोठी केली होती, फटी तीनच्या पाच झाल्या होत्या, पाइपही नवे होते. अंगणात शेजारच्या गावातून आलेल्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांच्याकडं शेळ्या-मेंढ्या होत्या आणि हे कसं करायचं ते बघायला त्या आल्या होत्या. सुमनबाई एकेक गोष्ट हात लावून दाखवत होत्या, जागा अशी, ऊन असं, माप कोकराच्या छातीचं. चिमटीनं भरडा दाखवताना त्यांचा आवाज जरा करडा झाला.

त्यातल्या एकीनं विचारलं, "तुमाला कुणी शिकवलं ओ हे?"

मी पदर नसलेला माणूस, नाही तर तोंडावर ओढून घेतला असता. जरा सावरून बसलो.

"आमच्या सासऱ्यानं," सुमनबाई म्हणाल्या. "आत बसून शिकवलं त्यांनी कोकरांना." मग माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "आन हे डॉक्टर. ह्यांनी काठ्या धरल्या व्हत्या."

त्या बायांनी आदरानं माझ्याकडं पाहिलं. मला तक्रार करायला काही जागा नव्हती. जे घडलं ते असंच घडलं होतं.

निघताना सुमनबाई पांदीपर्यंत आल्या. "डॉक्टर, आता तुमी रिकामेच असता ना?"

"रिकामाच."

"मग सोमवारी ह्या बायांच्या गावाला जायचंय, त्यांची अंगणवाडी बांदायला. म्या माप घेईन, राहुलनं रजा टाकलीय, तो रोवंल. काठ्या धराय माणूस पायजे."

सोमवारी मी सकाळची पहिली एस.टी. पकडली. बाहेर दाट धुकं होतं, आणि बसमध्ये निम्मी माणसं झोपेत डुलत होती. कंडक्टर ओळखीचा निघाला. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही तर रिटायर झालात ना? आज कुठं?"

"कामावर," मी म्हणालो.